शिंदखेड्याच्या बरडावर गुग्गुळ लावायचा आहे, जाणकारांनी सांगा

वरचा_तुकडा
नमस्कार मंडळी. शिंदखेडा तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खालच्या पट्ट्यात कपाशी-बाजरी होते. टेकडीला लागून असलेला वरचा तुकडा मात्र निव्वळ बरड. वीतभर माती, खाली मुरूम. पाऊस उघडला की पाणी तासाभरात निघून जातं. तिथे तीळ, मटकी, कुळीथ सगळं करून झालं, मजुरीसुद्धा सुटत नाही.

त्या तुकड्यावर गुग्गुळ लावावा असं मनात आहे. हे झाड मुळात कच्छ-मारवाडचं, काटेरी, कमी पाण्यावर जगणारं, एवढं माहीत आहे. आपल्याकडच्या पावसात आणि मे महिन्याच्या उन्हात ते टिकेल का? पहिली एक-दोन वर्षं काय काळजी घ्यायची? आणि डिंक काढण्याचं खरंच जमतं का? परवा बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका रोपवाटिकेचा माणूस येऊन गेला. तिसऱ्या वर्षापासून झाडामागे किलोभर डिंक, खरेदीची लेखी हमी, फक्त रोपं आमच्याकडूनच घ्या आणि ठिबक करून टाका, असं त्याचं म्हणणं. वडील म्हणतात, आधी चार लोकांना विचार. म्हणून इथे विचारतोय.

पांझराकाठ
लावा. साक्रीकडे आमच्या शेतातल्या म्हसोबाजवळ एक झाड आहे, आजोबांच्या वेळचं. त्याला कुणी कधी पाणी घातलेलं नाही. फक्त काळ्या जमिनीत नेऊ नका.

भुसावळकर
उन्हाचं म्हणाल तर आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. खान्देशात उन्हाळ्यात माणसाचीसुद्धा पानं गळतात, गुग्गुळाचं काय घेऊन बसलात!

माजी_कृषी_सहायक
वरचा_तुकडा, तुमच्या जमिनीचं वर्णन वाचून बरं वाटलं. गुग्गुळ लावायचा म्हणून जमिनीत गाळ आणून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तुमची जमीन आहे तशीच त्याला हवी आहे. वाळूसर किंवा मुरमाड, थोडी चुनखडीची चालते, निचरा मात्र पक्का पाहिजे. कच्छात जिथे हे झाड रानात वाढतं तिथे वर्षाला तीन-चारशे मिलिमीटर पाऊस. आपल्या धुळे जिल्ह्याच्या कोरड्या तालुक्यांत पाचशे-सहाशे पडतो. म्हणजे पाऊस कमी पडेल ही भीती आपल्याला नाहीच. ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस झड लागते तेव्हा मुळाशी पाणी थांबता कामा नये, सगळी काळजी एवढ्याचीच. मूळ कुजलं की झाड गेलं.

रोपं छाट कलमानेच करा. बियांवर विसंबू नका, उगवण फारच कमी. बोटाएवढी जाड, अर्धवट पक्व झालेली फांदी घ्यावी, वीतभर लांब, आठ-दहा इंचांची. जून-जुलैमध्ये पिशवीत किंवा गादीवाफ्यात लावायची. मातीत निम्मी वाळू घाला. मुळं फुटायचं संजीवक मिळालं तर खालच्या टोकाला लावा, नाही मिळालं तरी बरीच कलमं धरतात. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात, पण फुटवा दिसला म्हणून लगेच शेतात हलवू नका. पानं आधी येतात, मुळं मागून. वर्षभर रोप पिशवीत सांभाळा आणि पुढच्या मृगात लावा.

खड्डा दीड फुटाचा. मुरूम फोडून मोकळा करायचा, त्यात पाटीभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. वाळवी याची शत्रू आहे, पेंड त्यासाठी. दोन झाडांत दोन-अडीच मीटर अंतर ठेवा. उतार असेल तर खड्ड्याच्या वरच्या अंगाला चर काढू नका, पाणी त्यातच साठेल. रोप थोडं उंचवट्यावर बसवा.

गच्चीतली_बाग
जळगावातून विचारतेय. माझ्याकडे गुग्गुळ कुंडीत आहे. पावसाळ्यात हिरवागार होता, दिवाळीपर्यंत एकेक करून सगळी पानं गळाली. आता नुसत्या काटेरी काड्या उभ्या आहेत. सासूबाई म्हणतात मेला, काढून टाक. काढू का?

माजी_कृषी_सहायक
ताई, थांबा. वर्षातले सहा-आठ महिने हे झाड असंच दिसतं. खोडावरचा पातळ पापुद्रा नखाने हळूच उचलून पाहा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

पांझराकाठ
आणि तेवढ्या काळात पाणी घालू नका. बिनपानाच्या झाडाला पाणी म्हणजे मुळांना त्रास.

गच्चीतली_बाग
आत्ता जाऊन बघून आले. वरची साल कागदासारखी सुटते, पिवळट, पारदर्शक, आणि खाली चक्क पोपटी हिरवं! वास पण आला, देवघरातल्या धुपाचा. सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी बोट लावून वास घेतला आणि म्हणाल्या, असू दे मग.

माजी_कृषी_सहायक
हेच याचं वैशिष्ट्य. पानं नसताना ही हिरवी सालच अन्न तयार करते. म्हणून खोडाला चुना-गेरू फासू नका, लोक हौसेने फासतात.

केळीवाला_रावेर
माझं स्पष्ट मत देतो, राग मानू नका. शेतकऱ्याने शेती पैशासाठी करायची. गुग्गुळाला डिंक काढण्याजोगं व्हायला सहा-सात वर्षं तरी लागतात, हलक्या जमिनीत त्याहून जास्त. तिसऱ्या वर्षी किलोभर डिंक म्हणणारा माणूस तुम्हाला रोपं विकायला आला आहे, डिंक घ्यायला नाही. आमच्या भागात सफेद मुसळीच्या वेळी लोकांनी असल्याच हमीवर रोपं घेतली. माल तयार झाला तेव्हा फोन बंद. त्यापेक्षा त्या बरडावर सीताफळ लावा, चौथ्या-पाचव्या वर्षी बाजारात नेता येतं.

माजी_कृषी_सहायक
केळीवाला, हमीबद्दल शंभर टक्के सहमत. पूर्ण वाढलेल्या झाडापासून एका हंगामात साधारण पाव ते अर्धा किलो डिंक धरतात, तोही नीट काळजीने काढला तर. तिसऱ्या वर्षी झाड कमरेइतकं असतं, त्याला कोयता लावणं म्हणजे त्याचा जीव घेणं. सीताफळाचा सल्लाही वाईट नाही. पण त्यांनी वीतभर माती लिहिली आहे. सीताफळाला फळ धरताना पाणी लागतंच.

अहिरानी_माणूस
भो, आमना वावरना बांधवर दोन गुगय शेतस. बकऱ्या पाला खातस, पन झाड मरत नही. पानी कोनीच दिन्हं नही. कुपाटीसाठे मात्र नका लावू, डुकरे आरपार जातस.

वरचा_तुकडा
दादा, हे बरं सांगितलंत. कुंपणाचं माझ्या मनात होतंच. आमच्याकडे रोही आणि डुकरं दोन्हींचा त्रास आहे.

चाळीसगाव_गिरणा
कुंपणाला गुग्गुळ कामाचा नाही. फांद्या वेड्यावाकड्या जातात, टोकाला काटा असतो हे खरं, पण खाली मोकळं राहतं आणि डुक्कर खालूनच शिरतं. त्यासाठी सागरगोटा किंवा चिल्हार लावा. दोन पावसाळ्यांत असं गुंततं की कुत्रंही जात नाही. घायपात बांधावर जुन्या काळापासून आहेच, पण एक ओळ पुरत नाही, दुहेरी आणि दाट लावावी लागते.

केळीवाला_रावेर
वेडी बाभूळ कुणी सुचवू नका म्हणजे झालं. एकदा शिरली की विहिरीपर्यंत येते.

चाळीसगाव_गिरणा
अगदी बरोबर. नाल्याकाठची निम्मी गायरानं तिनेच खाल्लीत.

काटेप्रेमी_शिक्षक
फड्या निवडुंगाचं काय? आमच्या लहानपणी गावाबाहेर त्याच्या भिंतीच्या भिंती होत्या.

चाळीसगाव_गिरणा
गुरुजी, तो पांढऱ्या कापसासारख्या किडीने बराच खाल्ला. निवडुंग आवरण्यासाठी मुद्दामच बाहेरून आणून सोडली होती ती कीड. अजून कुठे-कुठे दिसतो. त्याची बोंडं खाऊन लाल झालेली जीभ दाखवत आम्ही शाळेत जायचो. पण आता पुन्हा लावायला सांगणार नाही, त्याची कुसळं गुरांच्या तोंडात रुततात.

भूजहून_आलेला
मी मूळचा पारोळ्याचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं भूजला होतो. तिथल्या डोंगरउतारांवर गुग्गुळ रानात पाहिला आहे, म्हणून डिंकाबद्दल लिहितो.

हिवाळा सरता सरता आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर, झाड पूर्ण निष्पर्ण असताना, खोडाला बारीक चीर देतात. आधी काहीच दिसत नाही. थोड्या वेळाने चिरेच्या खालच्या ओठावर फिकट पिवळा, दाट थेंब जमतो. तो ओघळत नाही, जागच्या जागी फुगतो. त्यावर दुसरा चढतो. दहा-पंधरा दिवसांनी त्याचा तपकिरी सोनेरी खडा झालेला असतो, मग तो सुरीने अलगद सोडवून घ्यायचा. मातीत पडलेला वेगळा ठेवायचा, त्याला भाव कमी.

हे झालं नीट काढणं. पण रानात तसं होत नाही. झाड कुणाचंच नाही, आपण नाही काढलं तर दुसरा काढेल, म्हणून माणूस खोडाला खोल घाव घालतो आणि डिंक जास्त यावा म्हणून घावात कसला-कसला लेप भरतो. त्या वर्षी डिंक भरपूर येतो. पुढच्या पावसाळ्यात त्या झाडाला पालवी फुटत नाही. मी असे पट्टेच्या पट्टे पाहिलेत, उभी वाळलेली झाडं, प्रत्येकावर काळे पडलेले घाव. धोक्यात आलेल्या जीवजातींच्या जागतिक लाल यादीत २०१५ पासून गुग्गुळ अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याचं मोठं कारण हेच. आपल्या औषधांतला बराचसा गुग्गुळ बाहेरून येत आला आहे, पूर्वी मुख्यत्वे पाकिस्तानातून यायचा.

म्हणून मला वाटतं, ज्याच्याकडे बरड जमीन आहे त्याने गुग्गुळ जरूर लावावा, आणि दहा वर्षं तरी डिंकाचं नाव काढू नये. झाड आपल्या बांधात आहे, आपण त्याचे मालक आहोत, म्हणजे घाई करायचं कारणच नाही. रानातलं झाड वाचवणं आपल्या हातात नसलं तरी शेतातलं आहे.

केळीवाला_रावेर
भूजहून_आलेला, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पैशाचं माझं म्हणणं कायम आहे, पण जिथे काहीच येत नाही तिथे हे झाड उभं राहत असेल तर मी आडवा येणार नाही.

सातपुड्याच्या_पायथ्याशी
चोपड्याकडून रामराम. आमच्या डोंगरात सालई भरपूर. तिचा डिंकही बाजारात ‘सालई गुग्गुळ’ म्हणूनच विकला जातो. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पण सालई मोठा वृक्ष आणि गुग्गुळ झुडूप. जत्रेत किंवा किराणा दुकानात गुगळ म्हणून जो धूप मिळतो त्यात सालईचा डिंक, राळ, कधी नुसता भुसा असतो. तुम्ही गुरुवारी जो जाळता तो खरा गुग्गुळ असेलच असं नाही.

गच्चीतली_बाग
मग ओळखायचा कसा?

सातपुड्याच्या_पायथ्याशी
खरा गुग्गुळ उन्हात ठेवला तर मऊ पडतो, निखाऱ्यावर जळतो, आणि कोमट पाण्यात खलला तर पाणी दुधासारखं पांढरट होतं. नुसती राळ पाण्यात अशी मिसळत नाही. चव कडू. माझी आई तर खडा दोन बोटांत दाबून सांगायची.

पांझराकाठ
आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत ओवा आणि गुगळ एकत्र टाकून शेक-धुरी देतात. तो वास आठवला.

वैद्य_नंदुरबार
धुरीचं ठीक आहे, खोली बंद ठेवून बाळाच्या नाकाशी धूर कोंडू नका एवढंच. ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्याला धुराचा त्रास लवकर होतो.

चिकित्सक_धुळे
वैद्य, एक विचारू? वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे. घरचा गुग्गुळ असेल तर रोज हरभऱ्याएवढा खडा पाण्याबरोबर घेतला तर चालेल का? एका व्हिडिओत तसं सांगितलंय.

वैद्य_नंदुरबार
नाही चालणार. झाडावरून काढलेला कच्चा गुग्गुळ आम्ही तसा कुणालाच देत नाही. तो त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा गोमूत्रात शिजवून, गाळून शुद्ध करावा लागतो, मगच योगराज, त्रिफळा, कांचनार, गोक्षुरादि असे गुग्गुळ कल्प तयार होतात. कच्च्याने पोटात आग, जुलाब, अंगावर पुरळ असे त्रास होतात. गरोदर बाईने तर शुद्ध केलेलाही आपल्या मनाने घ्यायचा नाही. थायरॉइडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

कोलेस्टेरॉलबद्दल म्हणाल तर इतिहास मोठा रंजक आहे. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या, म्हणजे अंगात चरबी साठण्याच्या विकाराच्या, वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात १९६६ साली गुग्गुळावर प्रबंध लिहिला, सशांवर प्रयोग करून. त्यातून पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुगुलिपिड नावाचं औषध तयार केलं. भारतातल्या अभ्यासांत फायदा दिसला. पण अमेरिकेत झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल कमी न होता थोडं वाढलेलंच आढळलं, काहींना पुरळही उठलं. मी गुग्गुळ रोज वापरतो, माझा त्याच्यावर विश्वास आहे, आणि म्हणूनच सांगतो, वडिलांच्या चालू गोळ्या बंद करून त्या जागी हा देऊ नका.

चिकित्सक_धुळे
धन्यवाद. वडिलांना वाचून दाखवतो.

भुसावळकर
धागा बरडावरून निघाला, म्हसोबावरून बाळंतिणीच्या खोलीत गेला आणि आता सुश्रुतांपर्यंत पोचला. वरचा_तुकडा, तुम्ही आहात ना अजून?

वरचा_तुकडा
आहे, सगळं वाचतोय. वडिलांना पण रोज संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवतो. त्यांचा एक प्रश्न आहे: डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे थंडी कडक पडते, त्या थंडीत रोपं जगतील का?

केळीवाला_रावेर
थंडीचं आम्हाला विचारा. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. आम्ही रात्री पाणी देतो, बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतो.

माजी_कृषी_सहायक
गुग्गुळाला पाणी देऊन थंडीपासून वाचवायला जाऊ नका, तो उपाय केळीचा. मोठं झाड आपल्या थंडीला दाद देत नाही. पहिल्या हिवाळ्यातली रोपं मात्र नाजूक असतात, कोवळी शेंडी काळी पडते. उत्तरेकडून वारा लागतो त्या बाजूने तुराट्यांचा किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांचा आडोसा करा. दव गोठायची वेळ आपल्याकडे क्वचित येते, पण नदीकाठच्या सखल भागात येते. तुमचा तुकडा उंचावर आहे, त्यामुळे थंड हवा खाली उतरून जाईल. तीही जमेचीच बाजू.

काटेप्रेमी_शिक्षक
बियांबद्दल थोडं. माझ्या शाळेच्या आवारात एक झाड आहे, त्याला लालसर छोटी फळं येतात. मुलांना फळं फोडून पाहायला सांगितलं तर आत दोन तऱ्हेच्या बिया निघाल्या, काही काळ्या, काही पिवळट पांढऱ्या. पांढऱ्या उगवत नाहीत, काळ्यांतल्या थोड्या उगवतात. आणखी गंमत म्हणजे गुग्गुळाची बहुतेक झाडं मादीच असतात, नर फार क्वचित सापडतो, तरी बी धरतं. परागीभवनाशिवायच. म्हणजे अशा बीपासून आलेलं रोप जवळजवळ आईचीच प्रत.

भूजहून_आलेला
गुरुजींनी महत्त्वाचा मुद्दा काढला. म्हणूनच वरचा_तुकडा, सगळी कलमं एकाच झाडाची घेऊ नका. एकाच आईची दोनशे रोपं लावली आणि तिला एखादा मर रोग लागला तर दोनशेही एकदम जातील. पाच-सात वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांच्या फांद्या घ्या आणि कुठली कुठे लावली ते वहीत लिहून ठेवा. जंगलातलं झाड मात्र तोडू नका, फांदीसुद्धा नको.

वरचा_तुकडा
मग जातिवंत रोपं कुठे मिळतील?

माजी_कृषी_सहायक
लखनौच्या सीमॅपने, म्हणजे औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या केंद्रीय संस्थेने, ‘मरुसुधा’ नावाची जात दिली आहे. गुजरातेत आणंदजवळ बोरिआवीला औषधी आणि सुगंधी वनस्पतींचं केंद्रीय संशोधन संचालनालय आहे, तिथे गुग्गुळावर काम चालतं. आपल्याला ते तसं दूर नाही. जाण्याआधी पत्र किंवा फोन करून रोपं आहेत का विचारा. काही तिथली आणि काही आपल्या भागातली, अशी सरमिसळ ठेवा. आपल्याकडचं जुनं झाड इतकी वर्षं इथल्या हवेत टिकलंय, तेही कमी मोलाचं नाही.

पांझराकाठ
म्हसोबाजवळच्या झाडाच्या फांद्या मी देईन. देवाचं झाड आहे म्हणून आधी नारळ फोडावा लागेल. भावकीतल्या चार जणांना विचारतो, नाही म्हणणार नाहीत.

अहिरानी_माणूस
मनाकडथून बी लई जा. दोन झाडेस्ना फाटा दिसू. येशात तव्हय भरीत-भाकर खाईसन जाज्यात.

भुसावळकर
कलमं राहू देत, भरिताला मी येतो.

चाळीसगाव_गिरणा
कापलेली फांदी लगेच लावायची की सुकू द्यायची? मी एक-दोन दिवस सावलीत ठेवून, कापाच्या जागचा चीक आटला की लावतो. तशी जास्त जगतात असा अनुभव.

माजी_कृषी_सहायक
मी लगेच लावत आलोय, माझीही धरतात. दोन-तीन तालुके ओलांडून फांद्या आणणार असाल तर तशाही एक-दोन दिवस जातातच. ओल्या गोणपाटात मात्र गुंडाळू नका, बुरशी येते. कोरड्या कागदात आणा आणि वरचं टोक कुठलं ते खूण करून ठेवा. पानं नसली की उलटसुलट कळत नाही.

वरचा_तुकडा
वडिलांशी बोलणं झालं. रोपवाटिकेच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. सगळा तुकडा एकदम लावायचा नाही. येत्या जूनमध्ये घरीच कलमं करू, पांझराकाठ आणि अहिरानी दादांकडून फांद्या घेऊन, आणि जमलं तर आणंदहून थोडी रोपं. पुढच्या मृगात उताराच्या वरच्या अर्ध्या भागात लागण. मधल्या जागेत वडिलांना तीळ सोडायचा नाही, तो ते पेरणारच. कुंपणाला सागरगोटा. डिंकाचा विषय घरात काढायचा नाही असं ठरलं. धाकटी मुलगी दुसरीत आहे, तिने विचारलं की मी दहावीला जाईन तेव्हा झाड केवढं असेल. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा उंच.

शेवटचं एक विचारायचं राहिलं. लागणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यायचं की नाही? पांझराकाठ म्हणतात बिनपानाच्या झाडाला पाणी नको, पण ती मोठ्या झाडाची गोष्ट. रोपाचं काय?

माजी_कृषी_सहायक
रोपाचं वेगळं. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांतून एकदा, रोपाला एक तांब्या, संध्याकाळी. खोडाला लागून नाही, वीतभर लांब गोल आळं करून त्यात ओता, म्हणजे मुळं बाहेर पसरतील. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरे. तिसऱ्याला नाही दिलं तरी चालेल. ठिबक बसवू नका, रोज थेंब-थेंब ओल राहिली की वाळवी आणि मुळकूज दोन्ही येतात. आणि तीळ पेरताना औत रोपापासून हातभर लांब ठेवायला वडिलांना सांगा, याची मुळं वरच्या थरात असतात.

पांझराकाठ
भावकीला विचारलं, होकार आहे. मे संपायच्या आत निरोप द्या, पहिला पाऊस पडायच्या आधी फांद्या काढून ठेवतो. पिशव्या आणि वाळू तुम्ही तयार ठेवा.